पटाची जोडी, चिखलणीची जोडी

२०१८ च्या वैशाखात नवेगाव बांधला लग्नांची दाटी झाली होती. १६ मेपासून अधिक ज्येष्ठ लागणार होता. त्या महिन्यात लग्नं होत नाहीत, म्हणून अक्षय्य तृतीयेपासूनच आमच्या परिसरात एकेका दिवशी चार-चार मांडव पडत होते. माझं गावात फोटो-व्हिडिओचं लहानसं दुकान आहे. शूटिंग मी करतो आणि मिक्सिंगही मीच. कॅसेट जाऊन सीडी आली, सीडी जाऊन पेनड्राइव्ह आला, तरी आमच्याकडे नवरदेवाचा बाप अजून विचारतो, “कॅसेट कधी देता जी?” त्या वैशाखात हा प्रश्न मला दिवसातून दहादा ऐकू येत होता.

त्या हंगामासाठी मी मुद्दाम नवा लॅपटॉप आणला होता. माझा जुना डेस्कटॉप कोअर टू ड्युओचा, नऊ वर्षं राबलेला. आता लग्नं फुल एचडीमध्ये शूट होत होती आणि तेवढं ओझं त्याला पेलत नव्हतं. लॅपटॉपवर ‘आय-७’ असा चकचकीत शिक्का होता. आय-३ साधा, आय-५ मधला, आय-७ सगळ्यांत वरचा, एवढंच मला ठाऊक होतं. वरचं घेतलं की काम वेगानं होणार, हा हिशेब मला इतका सरळ वाटला की मी दुसरा प्रश्नच विचारला नाही.

एका शनिवारी मुलगी सासरी परत जाणार होती आणि तिला जाताना कॅसेट हवी होती. दीड तासाची फिल्म. रंग दुरुस्त केलेले, वरातीवर गाणी चढवलेली. शुक्रवारी रात्री नऊला रेंडर लावलं. सुरुवातीला पडद्यावर तीन तासांचा अंदाज दिसला. जेवून आलो तर तो चार तासांवर गेला होता. बारा वाजता पुन्हा पाहिलं, तेव्हा अजून तीन तास बाकी होते. पंख्याचा आवाज खोलीभर घुमत होता आणि कीबोर्डच्या वरची पट्टी हाताला सोसवत नव्हती. पहाटे तीनला काम संपलं. सगळं पाहून घेताना एका गाण्याची जागा चुकलेली आढळली, म्हणजे पुन्हा सहा तास. मुलगी कॅसेटशिवाय गेली.

पुढच्या आठवड्यात माझा भाचा अर्जुनी मोरगावहून आला. त्यानं नुकताच एक डेस्कटॉप जुळवून घेतला होता. प्रोसेसर आय-३, किंमत माझ्या लॅपटॉपच्या निम्म्याच्या आसपास. मी तोच प्रोजेक्ट एका हार्ड डिस्कवर भरून त्याच्याकडे दिला. खरं सांगायचं तर, आपली वस्तू किती चांगली आहे ते त्याला दिसावं, असंही मनात होतं. दुपारी त्याचा फोन आला. “मामाजी, झालं तुमचं.” साडेतीन तास लागले होते.

माझ्या आय-७ ला जिथे सहा तास लागले, तेच काम त्याच्या आय-३ नं साडेतीन तासांत उरकलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पैसा गेल्याचं दुःख होतंच, पण आपण ज्या साधनावर पोट भरतो ते आपल्याला कळत नाही, हे जास्त बोचत होतं. कॅमेऱ्याची लेन्स मी डोळे मिटून ओळखतो. मग ज्या यंत्रापुढे माझी अर्धी रात्र जाते, त्याच्याबद्दल मला शिक्क्यापलीकडे काहीच का माहीत नव्हतं?

तेव्हापासून मी एक वही ठेवली. नवेगाव बांधला नोंदीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. मारुती चितमपल्ली इथे वनाधिकारी होते आणि त्यांच्या ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकानं आमचा तलाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोचवला. पाखरू पाहिलं की वेळ, जागा, झाड, वारा लिहून ठेवावा, हे इथल्या पोरांनी जंगलात येणाऱ्या अभ्यासकांना पाहून कित्येकदा केलेलं आहे. मी तेच यंत्राच्या बाबतीत करू लागलो. तापमान आणि वेग दाखवणारं एक मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घातलं आणि दर पाच मिनिटांचे आकडे लिहीत गेलो.

पहिल्याच दिवशी गोष्ट उघडी पडली. रेंडर सुरू होताच प्रोसेसर ३.५ गिगाहर्ट्झवर झेपावला. अर्ध्या मिनिटाच्या आसपास तो तिथे टिकला आणि मग खाली येऊन २.९ च्या आगेमागे स्थिरावला. दुपारी बाहेर ४४-४५ अंशांचं ऊन आणि आत कूलर असूनही ४० च्या जवळ तापलेली खोली, अशा वेळी तो त्याहूनही खाली सरके. भाच्याच्या घरी जाऊन त्याच्या यंत्राचेही आकडे घेतले. तिथे ३.६ दिसत होता. पहिल्या मिनिटाला ३.६ आणि तिसऱ्या तासालाही ३.६.

आमच्या झाडीपट्टीत ही गोष्ट शेतकऱ्याला सांगायला एका वाक्याहून जास्त लागत नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटक चालतं आणि दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, होतो. पटाची जोडी दाणीवर सुटली की डोळ्याचं पातं लवेपर्यंत पार होते. मोजणी सेकंदांत चालते. पण आषाढात बांधीत गुडघाभर चिखल करायचा असतो, तेव्हा ती जोडी कोणी जुंपत नाही. तिथे दुसरी जोडी लागते. ती पटावर नाव काढणार नाही, पण सकाळी जुंपली की दुपारपर्यंत तिची चाल बदलत नाही. मी पटाची जोडी घेऊन चिखलणीला गेलो होतो.

हे असं का होतं, ते समजायला मला पुढचे काही महिने लागले. सुरुवात नावापासून केली. माझ्या लॅपटॉपमधल्या प्रोसेसरचं पूर्ण नाव होतं आय-७ ७५००यू. शेवटचं ‘यू’ हे अक्षर मी कधी वाचलंच नव्हतं. हे अक्षर म्हणजे १५ वॅटच्या हिशेबानं बांधलेला प्रोसेसर. त्या सातव्या पिढीतल्या यू वर्गात आय-३ असो, आय-५ असो की आय-७, आत कोअर दोनच होते. फरक होता तो वेगाचा आणि कॅशेचा. भाच्याचा आय-३ ८१०० हा ऑक्टोबर २०१७ मध्ये बाजारात आलेला, आठव्या पिढीचा, ६५ वॅटच्या हिशेबाचा आणि चार कोअरचा. शिक्क्यावरचा सात आणि तीन हे आकडे त्या-त्या घरातली वडीलकी सांगतात. एका घरातला थोरला आणि दुसऱ्या घरातला धाकटा यांची उंची त्यावरून मोजता येत नाही.

मग प्रश्न उरला वॅटचा. १५ आणि ६५, चौपटीहून जास्त फरक. तरी माझा लॅपटॉप चौपट मंद नव्हता. पावणेदोन पटीच्या आतच होता. याचं उत्तर मला फार सुंदर वाटलं. चिपला वेगानं चालवायचं तर तिला व्होल्टेजही जास्त द्यावं लागतं. आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या गुणाकारानं वाढतो. उलट बाजूनं पाहा. वेग आणि व्होल्टेज दोन्ही पाचव्या हिश्शानं कमी केले, तर ०.८ तीनदा गुणायचे, म्हणजे ०.५१. वेग पाचवा हिस्सा गेला, पण वीज जवळजवळ निम्मी वाचली. शेवटचा थोडासा वेग फार महाग असतो. डेस्कटॉप ती किंमत मोजतो, कारण त्याच्यामागे भिंतीतलं सॉकेट आहे, मूठभर जाडीचा ॲल्युमिनियमचा हीटसिंक आहे आणि मोठा पंखा आहे. लॅपटॉपला तेवढी उधळण परवडत नाही.

आणि उष्णता तर आमच्याकडे खोलीतच बसलेली असते. प्रोसेसर साधारण १०० अंशांच्या पुढे स्वतःला जाऊ देत नाही. खोली २५ अंशांची असेल, तर उष्णता बाहेर ढकलायला त्याला ७५ अंशांचा उतार मिळतो. खोली ४० ची असेल तर तो उतार ६० चाच उरतो. म्हणजे तोच पंखा, तीच जाळी, पण बाहेर पडणारी उष्णता पाचव्या हिश्शानं कमी. डेस्कटॉपच्या मोठ्या हीटसिंकमध्ये हा तोटा जिरून जातो. लॅपटॉपची बोटभर जाळी आधीच काठावर असते, तिथे तो लगेच वेगात दिसतो. त्यात आमची धूळ. धान कापणीनंतर मळणीचा आणि राइस मिलचा बारीक कोंडा हवेत तरंगत असतो आणि तो पंख्याच्या तोंडाशी नमद्यासारखा साचतो. लॅपटॉप उघडून मी ती जाळी साफ केली आणि वाळून गेलेली थर्मल पेस्ट बदलली, तेव्हा त्याच कामातली चाळीसेक मिनिटं वाचली. वहीत त्या दिवसाच्या नोंदीखाली मी दोन रेघा मारल्या आहेत.

इथवर आलो तेव्हा माझं मत पक्कं होत होतं की लॅपटॉप म्हणजे तडजोड आणि खरं यंत्र म्हणजे डेस्कटॉप. पण वाचता वाचता माझ्या कोपऱ्यात पडलेल्या जुन्या कोअर टू ड्युओचा इतिहास हाती लागला आणि ते मत बदललं.

२००४ साली डेस्कटॉपच्या पेंटियम फोरचा वेग ३.८ गिगाहर्ट्झवर पोचला आणि तिथेच अडला. तीस वर्षांमागे, १९७४ मध्ये, रॉबर्ट डेनार्ड यांनी मांडलं होतं की ट्रान्झिस्टर लहान होत जाईल तशी त्याची वीजही त्याच प्रमाणात उतरेल. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो हिशेब जुळेनासा झाला. वेग वाढवला की चिप नुसती तापू लागली. त्याच काळात इंटेलच्या इस्रायलमधल्या हैफाच्या अभियंत्यांनी लॅपटॉपसाठी पेंटियम एम बनवला होता. तो मार्च २००३ मध्ये बाजारात आला. त्याचा वेग १.६ गिगाहर्ट्झ, वीज पंचवीस वॅटच्या आत. पण एका ठोक्यात तो इतकं काम उरकत असे की आकड्यानं बऱ्याच पुढे असलेल्या पेंटियम फोरच्या बरोबरीनं तो चाले. बॅटरी संपते, ही अडचण डोळ्यांपुढे होती म्हणून त्यांनी प्रत्येक ठोक्याचा हिशेब केला. शेवटी इंटेलनं पेंटियम फोरची वाट सोडली आणि लॅपटॉपच्या त्या घराण्यातून जुलै २००६ मध्ये डेस्कटॉपचा कोअर टू ड्युओ आला. नऊ वर्षं माझं घर चालवणारं ते यंत्र मुळात लॅपटॉपच्या कुळातलं होतं.

हे वाचून मी त्या संध्याकाळी तलावाच्या पाळीवर जाऊन बसलो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पटेल कोहळी यांनी सात टेकड्यांच्या मधल्या जागा बांधून हा तलाव केला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. पाऊस चार महिने पडणार, धान मात्र त्यानंतरही पाणी मागणार, ही अडचण कोहळ्यांना दिसत होती. म्हणून त्यांनी पाळ घातली, तुडूम बसवलं आणि लागेल तेवढंच पाणी पाटात सोडायला शिकले. बारमाही नदीच्या काठावर त्यांना ही विद्या सुचली नसती. कमी असण्यातून आलेलं शहाणपण पुढे सगळ्यांच्या उपयोगी पडतं, हे आमच्या भागातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांनी दाखवलं आहे आणि चिपच्या इतिहासातही तेच घडलं.

मग मी लॅपटॉपकडे नव्या डोळ्यांनी पाहू लागलो. वहीतला हिशेबही वेगळा दिसू लागला. लॅपटॉपनं सहा तास घेतले खरे, पण तो ओढत होता तीसेक वॅट. म्हणजे १८० वॅट-तास, युनिटचा पाचवा हिस्साही नाही. भाच्याचा डेस्कटॉप पडद्यासकट ११० वॅटच्या आसपास घेत होता. साडेतीन तासांचे झाले ३८५ वॅट-तास. वेळेत डेस्कटॉप जिंकला आणि विजेत लॅपटॉप.

आणि वीज हा आमच्याकडे वादाचा नाही, रोजच्या जगण्याचा विषय आहे. उन्हाळी धानाला पंप लागले की व्होल्टेज पडतं. मे महिन्यात अवकाळीचं वादळ आलं की फांदी तारेवर पडते आणि गाव अंधारात जातं. डेस्कटॉपच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. कागदावर ती ८४ वॅट-तासांची, पण प्रत्यक्षात दहा-पंधरा मिनिटांत यूपीएस बोंबलू लागतो. तेवढ्यात काम जतन करून यंत्र बंद करायचं. लॅपटॉपची बॅटरी साधारण तिच्या निम्म्या साठ्याची, तरी लिहिण्या-वाचण्याच्या कामाला ती तीन तास पुरते. खरेदी केंद्रावर धान विकण्यासाठी ऑनलाइन नोंदणी करायची असते. त्या दिवसांत शेतकरी सातबारा आणि बँकेचं पासबुक घेऊन माझ्या दुकानासमोर बसलेले असतात. वीज गेली म्हणून त्यांना परत पाठवलं, तर कोणाची मजुरी बुडते, कोणाचं बसभाडं वाया जातं. त्या वेळी माझ्या दुकानाची लाज राखली ती त्याच १५ वॅटच्या प्रोसेसरनं.

या फॉर्मच्या कामात आणखी एक गोष्ट लक्षात आली. तिथे माझा लॅपटॉप आणि भाच्याचा डेस्कटॉप यांत काडीचाही फरक जाणवत नाही. पान उघडतं, दोन-तीन सेकंद प्रोसेसर पळतो आणि मग वाट पाहतो. समोरच्या सर्व्हरची, मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीची, माणसाला आपली जन्मतारीख आठवण्याची. अशा तुटक कामात पटाचीच जोडी चांगली. उलट माझा जुना कोअर टू ड्युओ फॉर्म भरताना रडत असे. त्याचं कारण त्याचा प्रोसेसर नव्हताच. ती फिरणारी हार्ड डिस्क होती. तिच्या जागी एसएसडी बसवली आणि ते यंत्र पुढे तीन वर्षं फॉर्मच्या टेबलावर बसून राहिलं. संगणक मंद झाला की लोक प्रोसेसरला दोष देतात. आधी वाट कुठे तुंबली आहे ते पाहावं.

दुसरा धडा मिक्सिंगमधूनच मिळाला. या प्रोसेसरांच्या आत व्हिडिओ दाबून बसवण्यासाठी एक वेगळा कप्पा असतो, क्विक सिंक नावाचा. माझ्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत तो वापरण्याची सोय आली. ती सुरू केली आणि साध्या, फारसे इफेक्ट नसलेल्या फिल्मच्या बाबतीत माझा लॅपटॉप आणि भाच्याचा डेस्कटॉप जवळजवळ बरोबरीला आले. तो कप्पा दोघांच्याही पोटात सारख्याच ताकदीचा होता. सगळं अंगमेहनतीनं करणारे कोअर बाजूला राहिले आणि एकाच कामात तरबेज असलेल्या गड्यानं ते उरकलं. बारीक तपशील जपायचा असेल तर मी अजूनही जुन्या पद्धतीनं कोअरकडूनच रेंडर करतो. पण नाटकाच्या रेकॉर्डिंगला, जिथे पाच-सहा तासांचं एकसलग चित्रण असतं, तिथे तो कप्पा माझ्या कित्येक रात्री वाचवतो.

२०२० मध्ये दोन बातम्या आल्या आणि माझ्या वहीतल्या नोंदींना जणू दुजोरा मिळाला. सिनेबेंच नावाची प्रोसेसर जोखण्याची एक चाचणी आहे. तिच्या त्या वर्षीच्या आवृत्तीत नेहमीच्या चाचणीचा काळ किमान दहा मिनिटांचा केला गेला. चाचणी अर्ध्या-एका मिनिटात संपली तर ती फक्त झेप मोजते, दम मोजत नाही. दुसरी बातमी ॲपलची. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी एम-१ नावाची एकच चिप वेगवेगळ्या यंत्रांत बसवली, उदाहरणार्थ पंखाच नसलेल्या मॅकबुक एअरमध्ये आणि पंखा असलेल्या, टेबलावरच्या मॅक मिनीमध्ये. चिप तीच, कोअर तेवढेच. थोडक्यात आटपणाऱ्या कामात दोन्ही सारखी चालत. काम लांबलं की एअर तापून हळू होई आणि मिनी तशीच चालत राही. लॅपटॉप आणि डेस्कटॉप यांच्यातला फरक चिपच्या जातीत कमी आणि तिला मिळणाऱ्या घरात जास्त आहे, याहून स्वच्छ पुरावा मी पाहिलेला नाही.

२०२२ मध्ये लग्नांचा हंगाम पुन्हा भरात आला, तेव्हा मी नवा डेस्कटॉप जुळवून घेतला. प्रोसेसर आय-५ १२४००. या वेळी नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून. लॅपटॉपचा प्रोसेसर बोर्डावर झाळून बसवलेला असतो, तो बदलता येत नाही. डेस्कटॉपचा सॉकेटमध्ये बसतो. उद्या गरज वाढली तर तेवढाच काढून दुसरा घालता येतो. भाच्यानं आपल्या जुन्या बोर्डावर असाच सहा कोअरचा प्रोसेसर चढवून त्याचं आयुष्य वाढवलं होतं. दुरुस्तीचं दुकान नागपूरला किंवा गोंदियाला असतं, तेव्हा या गोष्टीची किंमत कळते.

त्या डेस्कटॉपची खरी परीक्षा लग्नानं घेतली नाही, पाखरांनी घेतली. नवेगावचं राष्ट्रीय उद्यान १९७५ चं. २०१३ पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. हिवाळ्यात तलावावर दूरदेशीची पाखरं उतरतात आणि त्यांच्यामागे अभ्यास करणारी पोरंही येतात. एका हिवाळ्यात एक विद्यार्थिनी गावात राहायला होती. तलावाकाठच्या पाखरांचे आवाज ती छोट्या रेकॉर्डरवर पहाटेपासून टिपत असे. आवाज ओळखणारं एक सॉफ्टवेअर ती लॅपटॉपवर चालवायची. ते सगळं ध्वनिमुद्रण तीन-तीन सेकंदांच्या तुकड्यांत कापतं आणि प्रत्येक तुकड्यात कोणतं पाखरू असेल ते सांगतं. तासांमागून तास साठत गेले आणि तिचा लॅपटॉप रात्र-रात्र तापत राहिला. एका सकाळी ती दुकानात आली. “काका, तुमच्या मशीनवर एक रात्र चालवून बघू का?”

तिच्या लॅपटॉपमधला प्रोसेसर आय-५ १२३५यू होता. आम्ही दोन्ही नावं कागदावर शेजारी-शेजारी लिहिली. दोन्ही आय-५. दोन्ही बाराव्या पिढीचे. दोघांचेही बारा थ्रेड. दोघांचाही सर्वाधिक वेग ४.४ गिगाहर्ट्झ. जाहिरातीत जे चार आकडे छापतात ते चारही सारखे. आणि त्यांच्या खाली जे छापत नाहीत ते वेगळं होतं. माझ्याकडे सहा मोठे कोअर. तिच्याकडे दोन मोठे आणि आठ लहान, वीज वाचवणारे. माझा मूळ हिशेब ६५ वॅटचा आणि गरजेला ११७ पर्यंत जाणारा. तिचा १५ वॅटचा आणि क्षणभर ५५ पर्यंत.

तिचं काम रोवणीसारखं होतं. रोवणीला वीस बाया आल्या की प्रत्येकीची ओळ वेगळी, एकीला दुसरीसाठी थांबावं लागत नाही. हात वाढले की काम त्याच प्रमाणात लवकर होतं. तीन सेकंदांचा प्रत्येक तुकडा असाच स्वतंत्र. असं काम असलं की सगळे कोअर पहिल्यापासून शेवटपर्यंत जुंपलेले राहतात आणि मग शेवटचा निकाल वॅट आणि पंखा यांच्याच हातात जातो. तिच्या लॅपटॉपला जे सबंध रात्रीचं काम होतं, ते डेस्कटॉपनं मध्यरात्रीच्या आत संपवलं. पण ज्या आवाजांवर हे सगळं चाललं होतं, ते पहाटे चार वाजता पाळीवर बसून, कार्ड लॅपटॉपमध्ये घालून जागच्या जागी तपासले होते तिनं. वाऱ्यानं बिघडलेलं रेकॉर्डिंग तिथेच ओळखून दुसरं घेतलं होतं. माझा डेस्कटॉप त्या पाळीवर कधी जाऊ शकला नसता. त्या रात्री दोन्ही यंत्रांनी मिळून एकच काम केलं, असं मला वाटतं.

आता माझ्या दुकानाची घडी तशीच बसली आहे. मांडवात आणि नाटकाच्या रात्री लॅपटॉप बरोबर असतो. कार्ड रिकामी करायची, चित्रण तपासायचं, दुसरी प्रत काढून ठेवायची. कापाकापीही मी त्याच्यावरच करतो, पण मूळ जड फायलींऐवजी त्यांच्या हलक्या प्रती वापरून. मग सगळं डेस्कटॉपला देतो आणि दुकान बंद करून घरी जातो. सकाळी काम झालेलं असतं. २०१८ नंतर कोणतीही मुलगी कॅसेटशिवाय परत गेलेली नाही.

गेल्या वर्षी धानाचे चुकारे झाल्यावर एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी नागपूरला शिकायला जाणार होती. तिचा धाकटा भाऊ घरी राहून फोटो-व्हिडिओचं काम शिकत होता. दोघांना मिळून एकच यंत्र घ्यावं, असा त्यांचा विचार. “भाऊ, आय-७ चा लॅपटॉप घेतला म्हणजे दोघांचंही भागते ना?” त्यांनी विचारलं. मी शिक्क्यांबद्दल काही बोललो नाही. दोन यंत्रांच्या माहितीचे कागद समोर ठेवले आणि मुलीला सांगितलं की नावाचं शेवटचं अक्षर वाच. तिनं वाचलं, “यू.” मी तिला सांगू लागलो. झेप, उष्णता, वॅट, पंखा. ती मन लावून ऐकत होती, पण माझं बोलणं अर्ध्यावर असतानाच तिच्या वडिलांनी मान हलवली. त्यांनी किंमत विचारली नाही. कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “पोरीचं काम याच्यावर होईल. पण पोराच्या कामाला याला दिवसभर जुंपता येते का, तेवढं सांगा.”

तो आय-७ घ्यायला नागपूरच्या दुकानात उभा असताना मी हाच प्रश्न विचारायला हवा होता.